मार्गशीर्ष लागला की गुंड्या जेवण सोडतो

आमच्या मुलुंडच्या घरात एक बॉल पायथन आहे, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, नर, सहा वर्षांचा, घाबरला की स्वतःची गुंडाळी करून डोकं मधे लपवतो म्हणून नाव गुंड्या. दरवर्षी दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की हा जेवण सोडतो. सोडतो म्हणजे अगदीच सोडतो, उंदीर समोर धरला की दोनदा जीभ काढून वास घेतो आणि तोंड फिरवून आपल्या खोपटात निघून जातो, जसं काही आपण कारल्याची भाजी वाढलीय. पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आले होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या (आणि या त्याच बाई बरं का, ज्यांनी तो घरात आला तेव्हा तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं), "अगं मार्गशीर्ष लागलाय, गुरुवार धरले असतील त्याने." चेष्टेत म्हणाल्या, पण नंतर मी जसजशी वाचत गेले तसं लक्षात आलं की त्या बऱ्यापैकी बरोबर होत्या.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे थंडी पडली की मला मेसेज सुरू होतात. परवा एका कॉलेजच्या मुलाचा रात्री साडेबाराला आला, ताई सात आठवडे झाले काहीच खाल्लं नाहीये, मरेल का तो. त्याला चार व्हॉइस नोट पाठवल्या, त्यात निम्मं सांगायचं राहिलं, म्हणून आता नीट लिहिते.

आधी कायद्याचं उरकते. आपले देशी साप, म्हणजे अजगर, धामण, दिवड, मांडूळ, काहीही, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, "जखमी होता म्हणून ठेवला" वगैरे चालत नाही, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरला फोन करायचा आणि मोकळं व्हायचं. परदेशी सापांचं वेगळं आहे, बॉल पायथन सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते. बँकॉकच्या विमानातून बॅगेत कोंबून आणलेले पायथन मुंबई विमानतळावर पकडले जातात त्या बातम्या वाचल्याच असतील, तसला साप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. झालं.

आता मुद्दा. साप जेवत नाही म्हटल्यावर आपला जीव खालीवर का होतो, तर आपण आपल्या पोटावरून त्याचं पोट मोजतो. आपण गरम रक्ताची माणसं, आपण खातो त्यातलं बरंचसं नुसतं शरीर ३७ डिग्रीवर ठेवण्यात जळून जातं, म्हणजे घरात कोणी नसताना पण गॅस चालूच. सापाला ही भानगडच नाही, तो ऊब बाहेरून घेतो, फुकटात. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला नुसतं पडून राहायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी त्याला पुरते. म्हणून दीड किलोची मांजर चार दिवस उपाशी राहिली तर ते खरंच गंभीर आहे, आणि दीड किलोचा पायथन चार महिने जेवला नाही तरी त्याच्या चेहऱ्यावर (चेहरा तसाही बदलत नाही म्हणा) काही दिसत नाही.

२००७ साली मार्शल मॅक्यू नावाच्या अमेरिकन संशोधकाचा एक अभ्यास छापून आला, त्याने ६२ साप घेतले, बॉल पायथन, रॅटस्नेक आणि रॅटलस्नेक, आणि त्यांना साधारण सहा महिने काही खायला दिलं नाही. वाचताना मला जरा कसंतरीच झालं, पण निघालं ते भारी होतं. काही सापांनी शरीराचा रोजचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला, आणि या सगळ्यात ते लांबीने वाढत होते. उपाशी आणि वाढतोय! पगार बंद आणि घराचं काम चालू असा प्रकार.

यामागची मेख पोटात आहे. आपलं पोट म्हणजे घरचं स्वयंपाकघर, दिवसातून चार वेळा काहीतरी शिजतं म्हणून ते बंदच होत नाही. अजगराचं पोट म्हणजे मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर. एरवी कुलूप, आत अंधार, कढया पालथ्या घातलेल्या. लग्न ठरलं की आचारी येतो, शेगड्या पेटतात, वीस माणसं कामाला लागतात, पाचशे पानं उठतात आणि दुसऱ्या दिवशी परत कुलूप. स्टीफन सीकॉर आणि जॅरेड डायमंड या दोघा संशोधकांनी १९९० च्या दशकात बर्मीज पायथनवर हेच मोजलं, मोठं जेवण पोटात गेल्यावर आतड्याचं वजन दोनेक दिवसांत जवळजवळ दुप्पट होतं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च कित्येक पटींनी, अगदी चाळीस पटीच्या आसपास सुद्धा, वर जातो. २००५ साली तर असं छापून आलं की त्याच्या हृदयाचा स्नायू ४८ तासांत ४० टक्क्यांनी वाढतो. आणि पचलं की सगळं परत आकसतं. बर्मीज पायथन गुंड्याचा मोठा चुलतभाऊ समजा, घराणं एकच.

म्हणजे बघा, एक जेवण पचवायचं तर आधी अख्खं कार्यालय उभं करायला लागतं, ते उभं करायलाच केवढा खर्च आहे, आणि मग ज्या दिवसांत गिऱ्हाईक येणारच नाही, किंवा शेगडीला पुरेशी आच नाही, किंवा मालक दुसऱ्याच कामात आहे, त्या दिवसांत कुलूप लावून ठेवणं हा शहाणपणा आहे. पितृपक्षात कार्यालयाला कुलूप दिसलं म्हणून कोणी म्हणतं का की धंदा बसला?

आता हे "ते दिवस" कोणते. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, जगभर पाळायला गेलेले बहुतेक घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांतून गेले. तिकडे आपल्यासारखा हिवाळा नाही, विषुववृत्ताच्या जरा वर आहे सगळं. पण कोरडा ऋतू आहे, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, त्यात सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा धुळीचा वारा येतो, आकाश धुरकट होतं, रात्री गार पडतात. पायथन दिवसभर उंदराच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो. वारूळ म्हणजे तिकडची वाळवीची, पण आपल्याकडे पण साप वारुळातच असतो की, नागपंचमीच्या चित्रात तरी.

आणि याच दिवसांत त्यांचं लग्नकार्य असतं. पावसाच्या शेवटाला नर मादी शोधायला लागतात, मादी कोरड्या ऋतूच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, अंडी घालते, सहा-सात वगैरे, आणि मग त्यांच्याभोवती वेटोळं घालून दोन महिने बसते. जवळजवळ हलतच नाही, खात तर नाहीच. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पाऊस आलेला असतो, छोटे उंदीर सगळीकडे, म्हणजे बाळंतपणाची वेळ अगदी पंचांग बघून काढल्यासारखी. मादीच्या पोटात अंडी मोठी व्हायला लागली की खायला जागाही राहत नाही आणि जड अंगाने शिकारीला फिरणं धोक्याचं पण असतं. आपली अजगरीण याच्या पुढे जाते, ती अंड्यांवर बसली की अंगाचे स्नायू सतत आखडत सोडत राहते, थंडीत कुडकुडल्यासारखी, आणि त्यातून अंड्यांना ऊब देते. १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बर्मीज पायथनवर (तेव्हा तो भारतीय अजगरातच धरायचे) हे नीट मोजलं गेलं होतं. गार रक्ताची म्हणवणारी बाई पोरांसाठी अंग तापवते, ते पण उपाशीपोटी. बॉल पायथनला हे जमत नाही, ती नुसती झाकून धरते.

बरं मादीचं समजलं, पण नर का उपास करतो? त्याला ना अंडी ना बाळंतपण. तर त्याच्या डोक्यात एकच चालू असतं. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात नार्सिस म्हणून जागा आहे, तिथे लाल पट्ट्यांचे गार्टर साप हजारोंच्या संख्येने जमिनीखाली हिवाळा काढतात आणि वसंत ऋतूत बाहेर येतात. इतके महिने उपाशी राहून बाहेर आल्यावर नर काय करतो, तर खात नाही! मादीच्या मागे लागतो. संशोधकांनी मुद्दाम त्यांच्यापुढे खाणं ठेवून बघितलं तरी नाही, २००४ मधे त्यावर पेपर आला, नावातच "ऋतूनुसार होणारी अन्नावरची वासना उडणे" अशा अर्थाचे शब्द आहेत. आपल्याकडे पण "सापांचं जुगण" म्हणून लोक जे बघतात, दोन धामणी एकमेकांना पीळ घालून उभ्या राहतात, कोणी त्यावर नवं कापड टाकतं, ते बहुतेक वेळा लग्न नसतंच, दोन नरांची कुस्ती असते. एवढ्या गडबडीत जेवायला कोण बसतंय.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला कळायला फार वेळ लागला. मला आधी वाटायचं की त्याला भूक लागत असणार आणि तो ती मारत असणार, म्हणजे आपल्या एकादशीसारखं, साबुदाण्याची खिचडी दिसली की पोटात गलबलतं पण दशमीलाच ठरवलंय म्हणून थांबायचं. तसं नाहीये. हे कळलं मला खुडूक कोंबडीवरून. ज्यांनी गावाला कोंबड्या बघितल्यात त्यांना माहितीये, कोंबडी खुडूक बसली की दाणे समोर टाकले तरी उठत नाही, अंगाने उतरते, आणि आजी म्हणायची तिला त्रास देऊ नका, ती तिच्या जागी ठीक आहे. १९८० साली म्रोसोव्हस्की आणि शेरी या दोघा संशोधकांनी प्राण्यांच्या अशा उपासांवर एकत्र लिहिलं होतं, त्यात रानकोंबडीचं हेच उदाहरण आहे. त्यांचं म्हणणं असं की शरीरात वजनाचा एक ठरलेला आकडा असतो, वजन त्याच्या खाली गेलं की भूक लागते, आणि अंड्यांवर बसलेल्या काळात शरीर तो आकडाच हळूहळू खाली सरकवतं. म्हणजे वजन कमी होतंय पण शरीराच्या हिशोबाने ते बरोबरच आहे, म्हणून भुकेची घंटाच वाजत नाही. तिला भूक मारावी लागत नाही, भूक लागतच नाही.

हे वाचल्यावर गुंड्याकडे बघताना माझा जीव एकदम शांत झाला. तो काही सोसत नव्हता.

पण मग मला खरा प्रश्न पडला. गुंड्या घानाला कधी गेला नाही. तो पाळीव आईबापांच्या पोटी प्लॅस्टिकच्या डब्यात जन्मला आणि आता मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर काचेच्या टाकीत राहतो, खाली हीट मॅट म्हणजे ऊब देणारी चटई, तिला ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट, बारा महिने बत्तीस डिग्रीचा गरम कोपरा. त्याला कोण सांगतं की मार्गशीर्ष लागला?

काही प्राण्यांच्या अंगातच वर्षाचं पंचांग असतं हे सिद्ध झालेलं आहे, अमेरिकेतल्या जमिनीत राहणाऱ्या एका खारीला कायम एकाच तापमानात आणि एकसारख्या उजेडात ठेवली तरी ती वर्षाच्या चक्राने जाडी होते, झोपते, उठते. सापांचं पण काहीसं तसं असावं असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे, पिढ्यानपिढ्या डब्यात जन्मलेले नर सुद्धा हिवाळ्यात तोंड फिरवतात. पण नुसतं आतलं पंचांग नाही, बाहेरून पण खुणा मिळत असतात. उजेड ही मोठी खूण. मुंबईत डिसेंबरात दिवस साधारण अकरा तासांचा आणि जूनमधे तेरा तासांच्या थोडा वर, आपल्याला हा फरक सकाळच्या लोकलच्या वेळेला अंधार आहे की उजेड एवढाच जाणवतो, पण खिडकीजवळच्या टाकीत बसलेल्या सापाला तो रोज दिसतो. मेंदूतली पिनियल ग्रंथी अंधाराच्या लांबीवर मेलाटोनिन नावाचं हार्मोन सोडते आणि तिथून पुढे सगळी हार्मोन्सची साखळी हलते.

दुसरी खूण हवेची. मुंबईत थंडी कुठे असते असं पुणेकर म्हणतात आणि ठीक आहे, पण पाहिजे तेवढी असते. जानेवारीत सांताक्रूझला रात्रीचं सरासरी किमान तापमान १७ च्या आसपास जातं, आणि मुख्य म्हणजे हवा कोरडी होते, ओठ फुटतात, लोक बॉडी लोशन काढतात. टाकीचा गरम कोपरा बत्तीसला असला तरी तो श्वास घेतो ती हवा खोलीतलीच. आता याच्याशेजारी घानाचा नोव्हेंबर ते मार्च ठेवून बघा, कोरडा वारा, गार रात्री, धुरकट आकाश. आपल्याकडे धूळ सहाराची नसून मेट्रोच्या आणि टॉवरच्या बांधकामांची असते हा एक फरक. घाना पण आपल्यासारखंच उत्तर गोलार्धात, त्यामुळे महिने सुद्धा जुळतात. गुंड्याला मुंबईची थंडी परकी नाहीच, ती त्याला त्याच्या खापरपणजोबांच्या गावासारखी लागत असेल.

कॉर्न स्नेक हा दुसरा साप पाळणाऱ्यांसाठी दोन ओळी, तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला, तिथे खरी थंडी पडते आणि तो जमिनीखाली जाऊन सुस्त पडतो, त्यामुळे त्याचा उपास हा थंडीने शरीर मंदावल्याचा जास्त. कोणीतरी सांगेल की त्याला मुद्दाम थंड करून "झोपवा". पिल्लं काढायची नसतील तर कशाला उगाच, आणि पोटात जेवण असताना थंड केलात तर ते आत सडतं.

आता ही पुढची गोष्ट जरा लाजत सांगतेय. तीन वर्षांपूर्वी गुंड्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जेवण सोडलं आणि मी आता अनुभवी झालेली ना, मी म्हटलं मार्गशीर्ष, होऊदे. त्याआधी दहा दिवस त्याने एक उंदीर खाल्ला होता, तो त्याने ओकून टाकला. अर्धा पचलेला. वास काय सांगू, सासूबाईंनी धूप लावला, अगरबत्त्या लावल्या, शेवटी देव्हारा दुसऱ्या खोलीत हलवायची भाषा सुरू झाली. तपासल्यावर कळलं की थर्मोस्टॅटचा सेन्सर टेप सुटून हीट मॅटवरच पडला होता, त्याला वाटत होतं टाकी बत्तीसला आहे, प्रत्यक्षात गरम कोपरा चोवीस आणि गार बाजू एकवीस. रात्री खिडकी उघडी, टाकी फरशीजवळ. आणि मी खुशाल व्रतवैकल्यावर विनोद करत होते.

पचनाचे एन्झाइम उबेवर चालतात, ऊब नसली की जेवण पोटात तसंच पडून सडायला लागतं आणि साप ते बाहेर टाकतो. हे सापासाठी नुसतं न खाण्यापेक्षा कितीतरी वाईट, अन्ननलिका भाजते, पाणी जातं, पोटातले चांगले जंतू जातात. ओकल्यावर निदान दोन आठवडे काही द्यायचं नाही आणि मग नेहमीपेक्षा लहान उंदराने सुरुवात करायची. त्या दिवसापासून माझा नियम, साप जेवला नाही की आधी थर्मामीटर, मग पंचांग. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विश्वास नाही, वेगळा थर्मामीटर ठेवून दोन्ही बाजू मोजायच्या, रात्री पण. गरम बाजू एकतीस ते तेहेतीस, गार बाजू पंचवीस-सत्तावीस. एसीच्या झोतात टाकी असेल तर ती आजच हलवा.

म्हणून सगळंच ऋतूवर ढकलू नका. जुलैत जेवला नाही तर तो ऋतू नाही, पावसाळ्यात बहुतेक टाकी ओली राहिलेली असते, भुसा कुबट झालेला, छातीत संसर्ग किंवा पोटाखालचे खवले खराब. डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर कात टाकायची वेळ आलीय, एकदोन आठवडे तो आंधळ्यासारखाच असतो, कशाला जेवेल. नवीन घरी आलाय, टाकी बदललीय, घरी गणपतीत माणसांची वर्दळ आणि खाली ढोलताशा, तरीही बंद. आणि पिल्लू असेल, पन्नास-ऐंशी ग्रॅमचं, तर त्याच्याकडे उपासाची चैन करण्याएवढी चरबीच नसते, त्याच्या बाबतीत ऋतूचं कारण मी ऐकूनच घेत नाही.

मग खरा उपास ओळखायचा कसा? वजनकाटा. किचनमधला पाचशे-सातशे रुपयांचा डिजिटल काटा बस होतो (वेगळा घ्या, तो परत कणकेला वापरायचा नाही, हे मी का सांगतेय ते विचारू नका). दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा डब्यात ठेवून वजन, तारखेसकट वहीत. गुंड्याच्या गेल्या वर्षीच्या वहीत असं आहे: ३ नोव्हेंबर १४८० ग्रॅम, १ डिसेंबर १४६८, ५ जानेवारी १४४९, २ फेब्रुवारी १४३१, १ मार्च १४२२. चार महिन्यांत ५८ ग्रॅम, म्हणजे चार टक्क्यांच्या आत. हा ऋतूचा उपास. त्या कॉलेजच्या मुलाला हेच विचारलं, वजन किती होतं, तर म्हणाला ताई वजन नाही केलं पण बारीक वाटतोय. वाटण्यावर काही नसतं रे, तुझ्या आईला तू पण बारीक वाटतोस.

पाळणाऱ्यांचा ठोकताळा दहा टक्क्यांचा, त्याच्या जवळ वजन गेलं किंवा महिन्याभरात झपकन उतरलं की डॉक्टर. एक मात्र लक्षात ठेवा, एका आठवड्यात अचानक चाळीस-पन्नास ग्रॅम कमी दिसले तर आधी टाकी बघा, शी केलेली असते. आणि वजन ठीक असलं तरी तोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा किंवा टिकटिक आवाज, तोंड उघडं ठेवून बसणं, पाठीचा कणा वर आलेला, कातडी सैल, खवल्यांत बारीक काळे माइट्स (गोचिडीसारखे किडे), यातलं काहीही असलं तर काट्याचं ऐकू नका, सरळ डॉक्टर. मुंबईत कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सापाला हात लावणारे थोडे, तेव्हा नंबर आधीच शोधून ठेवा, रात्री अकराला शोधायची वेळ येऊ देऊ नका.

उपासाच्या दिवसांत करायचं काय, तर खरं म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि हेच लोकांना जमत नाही. रोज उंदीर नाचवायचा नाही, दोन-तीन आठवड्यांनी एकदा विचारायचं, नाही म्हणाला की काढून घ्यायचा. फ्रोझन उंदीर देत असाल तर नीट वितळवून कोमट करा, त्याच्या ओठांवर ऊब ओळखणारे खड्डे असतात, गारढोण उंदीर त्याला जेवण वाटतच नाही. पाणी कायम ताजं. हातात घेणं कमी. आणि दोन गोष्टी अजिबात नाही. एक, "जिवंत उंदीर सोडून ठेवा रात्रभर, भूक लागली की खाईल", अहो साप खाणार नसेल तर रात्रभरात उंदीरच सापाला कुरतडतो, पाठीचं मांस दिसेपर्यंत कुरतडलेले साप मी फोटोत बघितलेत. दुसरं, तोंड उघडून कोंबणं. ते डॉक्टरांचं काम, शेवटचा उपाय म्हणून, आणि निरोगी उपासकऱ्यावर तर मुळीच नाही, त्या भीतीने पुढचे दोन महिने आणखी जातात. एका दुकानदाराने मला कच्चं अंडं फोडून वाटीत ठेवायला सांगितलं होतं, एका नातेवाईकाने दूध. बॉल पायथन अंडं खात नाही आणि दूध तर कुठलाच साप पीत नाही. नागपंचमीला नाग दूध पिताना दिसायचा कारण गारुड्याने त्याला कित्येक दिवस पाणीच दिलेलं नसायचं, तहानेने तो समोर येईल ते ओढायचा. तो उपास लादलेला. गुंड्याच्या टाकीत पाण्याची वाटी भरलेली असते आणि दर पंधरवड्याला ताट समोर येतं, तो स्वतःहून नको म्हणतो.

सवय नसली तर चार महिने फार मोठे वाटतात, पण हा प्राणी तीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथन मादीने सात अंडी घातली होती, ती पण निदान पंधरा वर्षं नराचं तोंड न बघता. तिने आयुष्यात असे किती हिवाळे न जेवता काढले असतील मोजा.

गुंड्याचं गणित दरवर्षी होळीच्या आसपास सुटतं. आधी संध्याकाळी खोपटातून डोकं बाहेर काढून बसायला लागतो, मग टाकीत चकरा, मग फ्रीझर उघडल्याचा आवाज आला तरी वळून बघतो (आवाज की जमिनीची थरथर ते त्यालाच ठाऊक). गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने पहिला उंदीर घेतला, मी मुद्दाम लहान दिला होता, इतके महिने कुलूप असलेलं कार्यालय, एकदम पाचशे पानं नकोत. तो बुधवार होता, आमच्या घरी गुरुवारी त्याला पण उंदीर मिळत नाही, हा त्याला घरात ठेवतानाचा करार आहे. सासूबाई आतून ओरडल्या, "सुटला का गं उपास?" मी म्हटलं सुटला. तर म्हणाल्या, "मग उद्यापनाचं एक ताट कमीच पडलं त्याला, उद्या देऊ नकोस, परवा बघ."

मी आठ दिवस थांबले. एप्रिलअखेरीला वहीत १४७१ ग्रॅम लिहिलंय.